हरणांच्या हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार आणि वर हिमवादळ: जावं का?

वाईकर_उत्तरेत (धागाकर्ता), गुरुवार, रात्री ११:४०

मंडळी, टर्की पोटात आहे, बायको झोपली आहे आणि मी चौथ्यांदा हवामानाचं पान उघडून बसलोय. सल्ला हवाय आणि लवकर हवाय. उद्या दुपारी निघायचं ठरलंय.

मी विस्कॉन्सिनमध्ये ओ क्लेअरला राहतो. इथे बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम नऊच दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. पहिल्या शनिवार-रविवारी माझी ऑफिसची ऑनकॉल पाळी आली. म्हणजे उरले हे दोन दिवस.

माझं एकट्याचं असतं तर प्रश्नच नव्हता, घरी बसलो असतो. पण शेजारचे आजोबा आहेत. वय ७४. मी त्यांना ‘आजोबा’च म्हणतो. त्यांना अर्थ माहीत आहे आणि ते खूश असतात. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच मला हा नाद लावला. हेवर्डच्या पुढे जंगलात त्यांचं लाकडी खोपट आहे, वडिलांनी बांधलेलं. बाराव्या वर्षापासून त्यांचा एकही हंगाम चुकलेला नाही. मुलगा आता ॲरिझोनाला राहतो, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे एकटे जात नाहीत. माझ्या पाळीपायी त्यांचाही पहिला आठवडा गेला. तोंडाने काही बोलले नाहीत, पण मला टोचतंय.

आता अंदाज ऐका. उद्या रात्री गोठणारा पाऊस. मध्यरात्रीनंतर बर्फ, शनिवारभर मिळून १० ते १४ इंच. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैल. रविवारी आभाळ मोकळं पण पारा उणे १२ सेल्सिअस. इथून रस्ता दोन तासांचा. त्यातले शेवटचे नऊ मैल काउंटी रोडचे, आणि अगदी शेवटचा मैल जंगलातली पायवाट म्हणावी असा. तिथे बर्फ काढणारा ट्रक येत नाही, फोनला रेंज नाही.

आजोबांचं म्हणणं: “वादळाच्या आधी हरणं चरायला बाहेर पडतात. उद्या संध्याकाळी आणि रविवारी सकाळी असा मोका दहा वर्षांत येत नाही.” आणि यात ते खोटं बोलत नाहीत.

काय करू?

---

पुणेरी_गारठा, गुरुवार, रात्री ११:५२

मी पयला.

आमच्याकडे काल पहाटे १३ होतं तर आमच्या गल्लीत तीन शेकोट्या आणि एक माकडटोपी मोर्चा. उणे १२ मध्ये झाडावर चढून बसणाऱ्या माणसाला मी काय सल्ला देणार? (दिवा घ्या, गंमत आहे.)

खरंच विचारतो: आजोबांना नाही म्हणायला जीभ वळत नाही म्हणून दोघांचा जीव टांगायचा, असा हा प्रश्न आहे का? असेल तर हवामानाचं पान बंद करा. त्यात याचं उत्तर नाही.

---

बफेलोकर, शुक्रवार, पहाटे १२:१५

वाईकर, आमच्या न्यूयॉर्कच्या पश्चिम टोकाची गोष्ट सांगतो. २०२२ साली आमच्या भागातला हंगाम १९ नोव्हेंबरला, शनिवारी उघडणार होता. १७ तारखेला रात्री एरी तलावावरून बर्फाचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. ऑर्चर्ड पार्कला ८० इंच. पुरुषभर उंचीपेक्षा जास्त हो! आणि तिथून काही मैल उत्तरेला गेलात की निम्माही नाही. तलावाच्या बर्फाचं हे असंच: सुरीने कापल्यासारखी रेघ. माझे दोन ओळखीचे गुरुवारीच कॅम्पला पोचले होते. “आधी पोचलो की झालं” हे त्यांचंही गणित. पोचले खरे. परत यायला बुधवार उजाडला. गाड्या चालवायला सरकारी बंदी, आणि गाडी कुठे आहे हे काठीने टोचून शोधायचं.

तुमचं वादळ तलावाचं नाही, मोठ्या प्रणालीचं दिसतंय, म्हणून आकडे कमी आहेत. पण मला भीती बर्फाची नाही, त्याआधीच्या गोठणाऱ्या पावसाची आहे. १४ इंच कोरड्या बर्फातून चांगली गाडी रेटत नेता येते. पाव इंच काचेसारख्या थरावर कुठलीच गाडी चालत नाही, फोर व्हील ड्राइव्हसुद्धा नाही. चारही चाकं एकदम घसरतात एवढाच फरक. आणि त्यावर फांद्या मोडून पडतात. तुमचा शेवटचा मैल जंगलातला, म्हणजे करवत बरोबर पाहिजे.

अडकलातच तर एक लक्षात ठेवा: इंजिन चालू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून धुराड्याभोवतीचा बर्फ काढायचा. गाडीत गोठून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरल्याच्याच गोष्टी मी इथे जास्त ऐकल्या आहेत.

---

फौजी_अपशिंगे, शुक्रवार, सकाळी ६:०५

वाईकर, आपण शेजारी निघालो. आमचं गाव साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. द्रासला दोन हिवाळे काढलेत, म्हणून चार गोष्टी.

थंडी माणसाला मारत नाही, घाम मारतो. खोपटापासून मचाणापर्यंत चालताना वरचा जाड कोट पाठीवर बांध, अंगात घालू नको. थोडी हुडहुडी भरली तरी चालेल. जागेवर पोचल्यावर घाल. आतला कपडा लोकरीचा. सुती बनियन घातलं असशील तर भिजलेलं फडकं छातीशी धरून बसल्यासारखं.

बंदूक रात्री खोपटात आणू नको, बाहेर पडवीत कुलपात ठेव. गरम खोलीत आणली की गार लोखंडाला घाम फुटतो, सकाळी बाहेर नेली की तोच घाम बोल्टमध्ये गोठतो. मग चाप ओढला तरी नुसता ‘टुक’ आवाज. बोल्टमधलं नेहमीचं तेल पुसून काढ, गारठ्यात ते गुळाच्या काकवीसारखं होतं. नळीच्या तोंडाला विजेच्या कामाची चिकटपट्टी लाव, गोळी तिच्यातून सुखाने जाते. पण नळीत बर्फाचा गोळा बसला आणि कळलं नाही तर नळी फाटते.

हे सगळं सांगितलं म्हणजे जा असं म्हणालो असं नाही. आमच्याकडे हुकूम असायचा म्हणून जायचो. तुला कोणाचा हुकूम आहे?

---

तुळशीवृंदावन, शुक्रवार, सकाळी ७:२०

माफ करा, पण एवढ्या गरम चर्चेत कोणालाच हरणाची बाजू दिसत नाही का? बिचारं थंडीत आडोशाला बसलंय, आणि तुम्ही नळीला चिकटपट्टी लावताय.

---

वाईकर_उत्तरेत, शुक्रवार, सकाळी ७:४५

ताई, तुमचा राग समजतो. माझ्या आईचाही असाच आहे, ती फोनवर अजून “तुझं ते नको ते काम” असं म्हणते. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. इथलं गणित वेगळं. हरणांना आवरणारे लांडगे दक्षिणेकडे जवळपास नाहीत, मक्याची शेतं हवी तेवढी, आणि नोव्हेंबरात रोज कोणाची तरी गाडी हरणावर आदळते. कोणत्या काउंटीत किती माद्यांचे परवाने द्यायचे हे सरकार दरवर्षी ठरवतं. मारलेलं आम्ही खातो, वर्षभर दुसरं मटण आणत नाही. यावर आधी एक धागा दीडशे प्रतिसादांपर्यंत जाऊन कुलूपबंद झालाय, तेव्हा इथे नको.

@फौजी, सुती बनियनचं वाचून आत्ताच बॅग उपसली. दोन निघाले.

---

मिशिगनची_सून, शुक्रवार, सकाळी ८:१०

रात्रपाळी संपवून वाचतेय. मी आपत्कालीन विभागात नर्स आहे. आमच्याकडे हंगाम ठरलेला, १५ नोव्हेंबर ते ३०, वार कोणताही असो. कितीतरी शाळा १५ तारखेला चक्क सुट्टी देतात. त्या पंधरवड्यात आमच्या दारात येणारे भगवे कोट, म्हणजे शिकारी, दोन प्रकारचे. गोळी लागलेले फार क्वचित, बरं का.

पहिला प्रकार मचाणावरून पडलेले. शिडीच्या पायरीवर बर्फाचा पापुद्रा, हातात जाड मोजे, आणि पट्टा “वर पोचल्यावर लावतो” म्हणून खिशात. पडतात ते चढता-उतरतानाच. गोठणारा पाऊस पडणार म्हणताय ना, मग मचाण विसरा.

दुसरा प्रकार: साठीच्या पुढचे पुरुष, वर्षभर सोफ्यावर, आणि एक दिवस गुडघाभर बर्फातून दीडशे पौंडांचं हरीण ओढणारे. थंडीने रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या, त्यात हा जोर. छातीत दुखतं तेव्हा ते जंगलात मैलभर आत असतात.

आजोबांच्या छातीचं काय? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आणि रेंज नाही म्हणताय, तर बर्फ न काढलेल्या रस्त्यावर रुग्णवाहिका कुठपर्यंत येईल, हे नकाशावर बोट ठेवून सांगा बघू.

थंडीचंही सांगते. उणे १२ मध्ये ताशी २० मैल वारा असला तर अंगाला लागणारी थंडी उणे २२ ची. तशात हलत्या माणसाचं निभतं. शिकारी मात्र चार तास दगडासारखा बसतो.

---

नवा_पाहुणा, शुक्रवार, सकाळी ८:३०

अवांतर प्रश्न, रागावू नका. एच-१बी वर बंदूक हातात धरता येते का? आमच्या टीममधले लोक बोलावतायत.

---

बफेलोकर, शुक्रवार, सकाळी ८:४१

@नवा_पाहुणा, केंद्राच्या कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे, पण राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर तो अपवादात बसतो. म्हणजे परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. उलटं केलंत तर ग्रीन कार्डाच्या रांगेतून बाहेर. वकिलाला विचाराच. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं.

---

डोंगरवेडा, शुक्रवार, सकाळी ९:०२

हरणांमधलं काही कळत नाही, सह्याद्रीतलं थोडं कळतं. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना दोनदा परत फिरलोय. दोन्ही वेळा एकच शिकलो: परत फिरायचं ते वर जाऊन ठरत नाही. वर गेलेला माणूस खालच्या माणसापेक्षा मूर्ख असतो. दमलेला असतो, सुट्टी खर्च झालेली असते, आणि समोर अजून एकच टप्पा दिसतो. म्हणून घरी, पंख्याखाली, कागदावर लिहायचं: अमुक वाजता अमुक दिसलं तर परत. तिथे चर्चा नाही.

तुमच्याकडे ते ‘अमुक’ काय आहे? “बघू तिथे जाऊन” असं असेल तर नका जाऊ.

---

वाईकर_उत्तरेत, शुक्रवार, सकाळी ९:४०

सगळ्यांचे आभार. आता थोडी उलट बाजू मांडतो, म्हणजे माझं मन कुठे झुकतंय ते कळेल.

हरणांना या हवेचं काही नाही. हिवाळ्यातला त्यांचा केस आतून पोकळ असतो. पाठीवर दोन इंच बर्फ साचतो आणि वितळत नाही, एवढी ऊब आतच राहते. वादळ येण्याआधी पोटभर चरून घेतात. जोरदार वारा सुटला की सीडरच्या दाट झाडीत बसून राहतात, दिवसदिवस उठत नाहीत. वारा पडला की भुकेने बाहेर. आजोबा हे सगळं पुस्तकातून नाही, साठ वर्षं त्याच खाचरात बसून शिकलेत. एरवी शेवटच्या शनिवारपर्यंत हरणं गोळीबाराने बिथरून रात्रीचीच फिरतात, त्यांना दिवसा बाहेर काढणारी एकच गोष्ट म्हणजे हे वादळ.

बेत असा: आज दुपारी एकलाच निघायचं, गोठणारा पाऊस सुरू व्हायच्या आत पोचायचं. शनिवारी खोपटात पत्ते. रविवारी सकाळी मचाण नाही, जमिनीवर पडलेल्या ओंडक्याआड बसायचं. रविवारी संध्याकाळी परत, रस्ते मोकळे झाले असतील तर. सोमवारची रजा टाकतो.

@मिशिगनची_सून, आजोबांना एक स्टेंट आहे. हे मला आजच सकाळी कळलं, त्यांच्या बायकोकडून, कुंपणापलीकडून, हळू आवाजात.

---

मिशिगनची_सून, शुक्रवार, सकाळी ९:४४

मग मी काय बोलू? तिने तुम्हाला ते का सांगितलं असेल याचा विचार करा.

---

इतिहासाचं_पान, शुक्रवार, सकाळी १०:२०

“वादळाआधी शिकार उत्तम” यावरून राहवत नाही. ११ नोव्हेंबर १९४०. युद्धविरामदिनाची सुट्टी. मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे तुमच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या सीमेवर, सकाळ इतकी उबदार की बदकांचे शिकारी नुसत्या पातळ जाकिटांवर नावा घेऊन बेटांवर गेले. बदकं तर आभाळ भरून उतरत होती, कारण तीही वादळापुढे पळत होती. शिकाऱ्यांना वाटलं आपलं नशीब उघडलं. दुपारी वारा फिरला, पाऊस, मग गारा, मग बर्फ, लाटा एवढ्या की नाव पाण्यात घालता येईना. रात्रभर भिजलेल्या कपड्यांत बेटांवर अडकले. सगळ्या राज्यांत मिळून दीडशेच्या आसपास माणसं गेली, एकट्या मिनेसोटात ४९, त्यातले निम्मे-अर्धे बदकांचे शिकारी. दुसऱ्या दिवशी विनोनाचा वैमानिक मॅक्स कॉनराड चिमुकलं विमान घेऊन त्या वाऱ्यात वर गेला, बेटांवर जिवंत दिसतील त्यांच्यासाठी खाणं आणि काडेपेट्या टाकल्या, आणि बोटींना वाट दाखवली.

तेव्हा अंदाज नीट मिळाला नव्हता. तुमच्याकडे तासातासाचा आहे.

---

वाईकर_उत्तरेत, शुक्रवार, सकाळी १०:३१

आजोबांचे वडील त्या दिवशी नदीवरच होते. उलट्या केलेल्या नावेखाली रात्र काढून आले. ही गोष्ट खोपटात दर हंगामाला एकदा होते. गंमत म्हणजे आजोबा ती सांगतात ते “आमच्या घराण्यात असं काही होत नाही” हे पटवायला.

---

तुळशीवृंदावन, शुक्रवार, सकाळी ११:०५

मला शिकारीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण सकाळपासून वाचतेय, आणि एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तुम्ही सगळे माणूस सापडेल का, गाडी सापडेल का, एवढंच बोलताय.

समजा गोळी लागली. सिनेमासारखं ते जागीच पडतं का? नसेल पडत, तर जखमी हरीण पळणार. तुम्ही रक्ताचा माग काढत जाता ना? मग बर्फ पडत असताना तो माग दिसतो किती वेळ?

---

फौजी_अपशिंगे, शुक्रवार, सकाळी ११:३०

ताईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

---

बफेलोकर, शुक्रवार, सकाळी ११:४८

मी उत्तर देतो, कारण वाईकर आता बॅग भरायची थांबवून बसले असणार.

नाही ताई, जागीच क्वचित पडतं. हृदयातून, फुप्फुसातून गोळी गेली तरी शंभर-दीडशे यार्ड पळतं, मग आडवं होतं. आपण लगेच मागे धावायचं नसतं. धावलं की ते उठून आणखी पळतं. म्हणून अर्धा तास जागेवर थांबायचं. हे चांगल्या नेमाचं झालं. वाऱ्यात, थरथरत्या हाताने, जाड मोज्यातून मारलेली गोळी पोटात बसली तर सहा-आठ तास थांबावं लागतं, म्हणजे ते शांतपणे बसून तिथेच संपतं.

तासाला एक इंच बर्फ पडत असेल तर अर्ध्या तासात रक्ताचे थेंब झाकले जातात. वारा असेल तर खुरांचे ठसेही. सहा तासांनी तिथे पांढरी चादर, बाकी काही नाही. थांबलेल्या बर्फावर माग काढण्यासारखं सोपं काम नाही, शेंबडं पोरही काढेल. पडत्या बर्फात त्याहून अवघड काही नाही.

मी स्वतः हवा बघून गेलोय, न गेलोय, पण या अंगाने कधी ठरवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

---

वाईकर_उत्तरेत, शुक्रवार, दुपारी २:५०

गेलो नाही.

नीट लिहितो. बाराला आजोबांकडे गेलो. ट्रक भरलेला होता. मागे लाकडं, मधल्या सीटवर बिडाचा तवा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि त्यांचा भगवा कोट पुढच्या सीटवर असा पसरून ठेवलेला की माणूसच बसलाय असं वाटावं. मी स्टेंटचं बोललो नाही, आजींचं नाव आलं असतं. रस्त्याचं बोललो तर हसले. १४ इंच म्हटलं तर म्हणाले, “हवामानवाल्यांना पगार घाबरवण्याचाच असतो.”

मग ताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आज संध्याकाळी उशिरा एखादं मारलं आणि ते पळालं, आणि पाऊस-बर्फ सुरू झाला, तर?

बराच वेळ काही बोलले नाहीत. ट्रकच्या फाळक्यावर बसले. मग म्हणाले, एकदा झालंय. मुलगा तेव्हा लहान होता, बरोबर होता. असाच बर्फ सुरू झालेला, मोठा नर, गोळी लागल्याचं नक्की दिसलं होतं. कंदील घेऊन रात्री अकरापर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधलं. मिळालं नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर खोपटाचं छप्पर बघायला गेले, तेव्हा बाल्समच्या झाडाखाली दिसलं. मचाणापासून नव्वद पावलांवर. त्यांनी मोजली होती. कोल्ह्यांनी काही ठेवलं नव्हतं, नुसती शिंगं आणि हाडं. “शिंगं तिथेच ठेवली,” म्हणाले. “मुलगा घेऊ म्हणत होता.”

एवढं बोलून उठले, तवा काढला आणि घरात घेऊन गेले. लाकडं मी उतरवली.

---

पुणेरी_गारठा, शुक्रवार, दुपारी ३:१०

काही विनोद सुचत नाहीये. +१.

---

वाईकर_उत्तरेत, रविवार, संध्याकाळी ६:३०

पुरवणी, आणि हसून घ्या.

ओ क्लेअरला शनिवारी दुपारी तीनपर्यंत नुसता भुरभुर पाऊस. आजोबा डोक्यावर टोपी न घालता अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत होते, मला खिडकीतून दिसतील अशा बेताने. रात्री जेमतेम तीन इंच पडला.

वर हेवर्डकडे मात्र झोडपलं. खोपटाशेजारच्या कॅम्पवाल्याचा आज फोन आला. ११ इंच, दोन झाडं त्या शेवटच्या मैलावर आडवी, वीज गेलेली. आणि हो, त्याने शनिवारी सकाळी सात वाजता, बर्फ नुकताच सुरू होत असताना, एक आठ टोकांच्या शिंगांचा नर मारला. जागीच पडला.

आजोबा कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. आजींनी भोपळ्याचा ‘पाय’ (इथला भाजलेला गोड पदार्थ) पाठवलाय, पूर्ण.

---

डोंगरवेडा, रविवार, संध्याकाळी ७:१५

त्या कॅम्पवाल्याचा फोन यायलाच नको होता राव.

---

बफेलोकर, रविवार, रात्री ८:००

वाईकर, तुमच्याकडे अजून एक दार उघडं आहे. उद्यापासून दहा दिवस तोंडाकडून ठासायच्या बंदुकीचा हंगाम, आणि तो संपला की लगेच गुरुवार ते रविवार चार दिवस फक्त माद्यांचा. त्याला साधी रायफल चालते. तुमच्या काउंटीचा मादीचा परवाना आहे ना? मग हेवर्ड कशाला, घराजवळचं शेत बघा.

---

वाईकर_उत्तरेत, पंधरा दिवसांनी, सोमवार, रात्री ९:२०

धागा वर काढतोय.

परवा शनिवारी आजोबांच्या भाच्याच्या शेतावर गेलो. घरापासून २५ मिनिटं, चुलत्याच्या मळ्यावर जावं तसं. फोनला रेंज पूर्ण. शुक्रवारी रात्री चार इंच पडून थांबलेला, सकाळी वारा नाही, उणे ९. शिडीवर काचेसारखा थर होता, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गवताच्या गोल गठ्ठ्याला पाठ लावून खालीच बसलो. आजोबांना गुडघ्यांसाठी बादली उलटी घालून दिली.

पावणेआठला तीन माद्या मक्याच्या धाटांतून आल्या. नाकातून वाफ. मधलीच्या पाठीवर रात्रीचा बर्फ तसाच होता, पिठीसाखर भुरभुरवल्यासारखा. आजोबांनी बोटानेच सांगितलं: तू. साठ यार्ड. मारली तेव्हा तिने मागचे पाय झाडले आणि बांधापलीकडे गेली.

आजोबांनी घड्याळ काढून गठ्ठ्यावर ठेवलं. थर्मासमधली कॉफी ओतली. अर्धा तास आम्ही एक शब्द बोललो नाही. मग उठलो. पांढऱ्यावर तांबडे थेंब, आधी एकेक, बांधाजवळ सांडल्यासारखे. आजोबा मागून चालत पावलं मोजत होते, तोंडाने, मोठ्याने. चौऱ्याहत्तरला ती सापडली, ओहोळाच्या काठाला. “माझ्या वयाइतकी,” म्हणाले.

ओढायचं काम भाच्याच्या ट्रॅक्टरने केलं. मिशिगनच्या ताई, त्यांना मी दोरीला हातसुद्धा लावू दिला नाही. काल संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद केली. डोकं तपासणीला दिलंय. इथे २००२ पासून हरणांना झिजून मारणारा मेंदूचा रोग आहे, तसल्या हरणाचं मांस खाऊ नये असं आरोग्यखात्याचं सांगणं आहे. निकाल येईपर्यंत सगळं फ्रीजरमध्ये.

---

तुळशीवृंदावन, सोमवार, रात्री १०:०५

मला अजूनही पटलेलं नाही, आणि पटणारही नाही. पण अर्धा तास थांबलात आणि पावलं मोजलीत, ते वाचलं.

---

पुणेरी_गारठा, सोमवार, रात्री १०:१८

पाककृती?

---

वाईकर_उत्तरेत, नऊ दिवसांनी, बुधवार, संध्याकाळी ५:४०

निकाल आला, रोग नाही. आज पातेलं चढलंय. चरबी सगळी काढून टाकायची, ती मेणासारखी टाळूला चिकटते. दह्यात रात्रभर ठेवायचं, मग आपला नेहमीचा मटणाचा रस्सा. आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला निम्माच घातलाय, कारण सातला कुंपणापलीकडून दोन पाहुणे येतायत, आणि त्यातल्या एकाला मिरीसुद्धा तिखट लागते.